स्टँड कुठला?

व्हिएतनामला जायचं ठरलं ते आईमुळे. आमचं आधी श्रीलंका चाललं होतं, पण तिच्या भिशीतल्या एका काकूंची सून व्हिएतनामला जाऊन आली आणि तिने मोबाईलवर शंकराच्या पडक्या देवळांचे फोटो दाखवले, पिंडीसकट, तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्या देशाचं नाव निघेना. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे मात्र माझं, कारण सकाळी सहाला उठवून बसमध्ये कोंबणारे लोक मला सुट्टीत नको असतात, त्यासाठी लोकल आहे.

मग काय, एक्सेल उघडलं. हनोई, निन बिन्ह, ह्वे, दा नांग, होई आन, मी सन. प्रत्येकासमोर किलोमीटर, तास, भाडं, हॉटेल. रंगबिरंगी केलं, आईला दाखवलं, ती म्हणाली छान आहे आणि भाजी निवडायला गेली.

रविवारी मामा आला. मामा म्हणजे ३१ वर्षं एसटीत कंडक्टर, बरीचशी परळ डेपोला. लॅपटॉप हातभर लांब धरून त्याने चष्म्यावरून, चष्म्यातून असं दोन्हीकडून ते शीट बघितलं आणि विचारलं, "अगं, यात स्टँड कुठाय?"

मी म्हटलं, लिहिलंय ना, हनोई.

"हनोई हे गाव झालं. उद्या एखादा तिकडचा माणूस आला आणि म्हणाला मुंबईहून चिपळूणची गाडी पकडायचीय, तर त्याला कुठे पाठवशील? परळ, मुंबई सेंट्रल, कुर्ला नेहरूनगर की बोरिवली नॅन्सी? चुकला तर गाडी गेली आणि वर टॅक्सीचे पैसे."

मग बसून शोधलं, तर हनोईत खरंच तोच प्रकार. 'मी दिन्ह' स्टँड पश्चिमेला, ज्याप बात आणि नुओक न्गाम दक्षिणेला, ज्या लाम नदीपलीकडे. तिकडे स्टँडला 'बेन से' म्हणतात, हे दोन शब्द आणि पुढे नाव दाखवलं की टॅक्सीवाल्याला कळतं. ढोबळ हिशोब असा की दक्षिणेच्या गाड्या दक्षिणेच्या स्टँडवरून, पण खाजगी कंपन्यांचं आपलं वेगळंच, त्यांचं ऑफिस जुन्या शहरातल्या एखाद्या गल्लीत, तिथून छोट्या गाडीने मोठ्या गाडीपर्यंत नेतात, आपल्याकडे सायनला कसं ट्रॅव्हल्सवाले फुटपाथवर बॅगा घेऊन उभं करतात तसंच. आणि तिकडे 'लिमोझिन' लिहिलेलं दिसलं तर हुरळून जायचं नाही, ती नऊ-दहा सीटची व्हॅन असते, सीट मात्र ऐसपैस. निन बिन्हला जायला आम्ही तीच घेतोय, नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, दोनेक तास.

पण खरी चूक मामाने पुढे पकडली. माझ्या प्लॅनमध्ये निन बिन्हला एक रात्र राहायचं, होडीतून फिरायचं, ताम कोकला बायका चक्क पायाने वल्ही मारतात ते बघायचं, परत हनोईला यायचं आणि तिथून रात्रीची स्लीपर पकडून ह्वे. मामाने नकाशा बघितला, बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाला, "हे निन बिन्ह ह्वेच्या वाटेवरच आहे की. पनवेलला जाऊन परत परळला येऊन रत्नागिरीची गाडी पकडणार का तू?"

बरोबर होतं. हनोईहून ह्वेकडे जाणाऱ्या बस आणि ट्रेन दोन्ही निन बिन्हवरूनच जातात. मी हनोई-ह्वे असं सर्च करत बसले होते म्हणून मला हनोई-ह्वेच दिसत होतं. अर्धा दिवस वाचला. फक्त आता गाडी रात्री नऊ-दहाला हायवेवर कुठल्यातरी फाट्यावर थांबणार, तिथे आईला आणि दोन बॅगांना घेऊन उभं राहायचं, हे मला अजून पटलेलं नाही. मामाच्या मते हे रोजचं आहे. तो फाट्यावर माणसं घेणाऱ्यातला, फाट्यावर उभं राहणाऱ्यातला नाही.

स्लीपरबद्दल थोडं, कारण आईला तेच टेन्शन आहे. बर्थच्या तीन रांगा, खाली-वर, मध्ये दोन चिंचोळ्या वाटा. चढताना चपला काढायच्या, त्या ठेवायला प्लास्टिकची पिशवी देतात, आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात सारायचे. स्थानिक उंचीच्या हिशोबाने बनवलेलं असल्यामुळे आपल्याकडचा सहाफुटी माणूस त्यात घडी होऊन जातो, आई पाच फूट आहे, ती राणीसारखी झोपेल. हल्ली पडदेवाल्या केबिनच्या बसही निघाल्यात, थोड्या महाग, पण एका रात्रीपुरतं ठीक आहे. खालचा बर्थ घ्यायचा, वरचा वळणावर हलतो. टॉयलेट असेलच असं धरून चालायचं नाही, मध्ये हॉल्ट असतात.

ह्वे ते दा नांग मात्र ट्रेनच, यावर मी कुणाचं ऐकणार नाहीये. मध्ये हाय वान नावाचा घाट आहे, आणि बस २००५ साली झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाते, म्हणजे सगळ्यात देखणा भाग अंधारात. ट्रेन समुद्राच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालून जाते, वेळ थोडा जास्त, अडीच-तीन तास, पण खिडकीखाली समुद्र. डावी बाजू पकडायची. होई आनला स्टेशनच नाही, दा नांगला उतरून पुढे तीस किलोमीटर गाडीने.

आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर आईचं मी सन. चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत तिथल्या चाम राजांनी, म्हणजे मध्य व्हिएतनामातल्या जुन्या हिंदू राजांनी, बांधलेली विटांची देवळं, मुख्य देव भद्रेश्वर, म्हणजे आपला शंकरच, राजा भद्रवर्मनच्या नावावरून. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरंच उद्ध्वस्त झालं. आपल्या पुरातत्त्व खात्याची टीम तिथे डागडुजी करत होती, तेव्हा २०२० मध्ये त्यांना जमिनीखाली नवव्या शतकातली अखंड दगडाची पिंडी सापडली. हे आईला सांगितल्यावर तिने पर्समध्ये बेलाचं पान न्यायचं म्हटलं, मी म्हटलं विमानतळावर पानाफुलांवरून विचारतील, तर म्हणाली मग भस्म नेते.

तारखाही मामामुळेच बदलल्या. मी फेब्रुवारी धरला होता, पण त्यांचं नवीन वर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं आणि सगळा देश गावाला निघतो. गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी अवस्था असते ती. म्हणून मार्च.

बाकी किरकोळ. ई-व्हिसा पंचवीस डॉलर, सरकारी साईटवरूनच काढायचा, हुबेहूब दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे घेणाऱ्या साईट खूप आहेत, मी एकीवर कार्ड नंबर टाकायच्या बेतात होते. पैशांसाठी आईला सोपं सांगितलंय, शेवटचे तीन शून्य झाक आणि तीन-साडेतीनने गुण, म्हणजे एक लाख डाँग हे साधारण साडेतीनशे रुपये. वीस हजार आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळसर, त्या वेगवेगळ्या कप्प्यात. आणि पाटीवर 'चाय' दिसलं तर ते चहाचं दुकान नाही! तो त्यांचा शाकाहारासाठीचा शब्द आहे. बरेच लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहारी जेवतात, हे ऐकून आईला तो देश एकदम जवळचा वाटायला लागला. तरी मेतकूट आणि खाकरा बॅगेत आहेच, साध्या भाजीतही माशाचा सॉस घालतात.

राहिला एकच प्रश्न. स्लीपर ह्वेला सकाळी सहा-सातला सोडणार आणि हॉटेलची रूम दोनला मिळणार. हॉटेलवालीला मेसेज केला, ती म्हणाली बॅगा ठेवा, अंघोळ करा, काही प्रॉब्लेम नाही, फक्त बस कुठे सोडते ते कळवा, मुलगा स्कूटर घेऊन येईल. म्हणून बस कंपनीला विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "आमच्या ऑफिसपाशी."

मामाला फॉरवर्ड केलं. पाच मिनिटांत त्याचा फोन, "ऑफिस स्टँडच्या आत की बाहेर, विचार."

विचारलंय. अजून निळी टिक नाही.