तुम्ही विचारलंत म्हणून: ४के घेतला तर फरक दिसेल का?

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे पैसे हातात आले, की हा प्रश्न ठरलेला. "काहो भाऊ, फोर-के घेतला त चित्र खरंच फरकानं दिसते, का नुसतं नाव?" तुम्हीही तेच विचारलंत. गावातल्या घरात जेवढ्या लांबून टीव्ही पाहतात आणि डिशवरून जे चॅनल येतात, ते धरून सांगायचं तर ४३ इंचांपर्यंत फुल एचडी आणि ४के यांतला फरक डोळ्याला कळत नाही. पैसे पडद्याच्या मापात आणि पॅनलमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या भागात घाला.

दुकानदार "चौपट क्लिअर" म्हणतो, त्यात खोटं काही नाही, पण ते क्षेत्रफळाचं गणित आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके (पिक्सेल), एकूण साधारण २०.७ लाख. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. ठिपके चौपट होतात, पण एका रेषेत मोजले तर दुप्पटच. आणि तेही डोळ्याला वेगवेगळे दिसले तर उपयोग.

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्याला १९२० ने भागा, एक ठिपका येतो अर्ध्या मिलिमीटरचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ज्याला ६/६ म्हणतात, तशा नजरेला एक मिलिमीटरची रेघ साधारण सव्वाअकरा फुटांपर्यंत सुटी दिसते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची साडेपाच फुटांपर्यंत. त्याच्या मागे बसलात की फुल एचडीचेच ठिपके एकमेकांत मिसळून जातात. मग प्रत्येक ठिपक्याचे चार तुकडे केले काय आणि न केले काय. आपल्याकडच्या बैठकीत टीव्ही एका भिंतीला, दिवाण समोरच्या भिंतीला, मधात नऊ-दहा फूट. एखाद्या पोराची नजर ६/६ पेक्षा तेज असते, त्याला आणखी फूट-दोन फूट धरा. आजोबांच्या मोतीबिंदूचा हिशोब मात्र उलटा आहे.

विश्वास बसत नसेल तर पोराच्या दप्तरातला आलेख कागद घ्या. त्यात एक मिलिमीटरचे चौकोन असतात. काळ्या पेनानं एक उभी ओळ भरा, एक सोडा, पुन्हा एक भरा, अशा पंधरा-वीस ओळी करा. कागद टीव्हीच्या जागी चिकटवा आणि मागं मागं सरकत जा. अकरा-बारा फुटांच्या आसपास ६/६ नजरेला पट्टे जाऊन नुसता करडा रंग दिसायला लागतो. एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे जवळपास ८६ इंची फुल एचडी टीव्ही झाला. तोच पुसट होत असेल, तर ४३ इंचीवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका तुम्ही कुठून वेगळा पाहणार?

हिशोब सोपा आहे. टीव्हीचे इंच गुणिले ०.१३ केले की जे येतं ते फूट. त्या अंतराच्या आत बसत असाल तरच फुल एचडीपेक्षा ४के सरस दिसेल. ३२ इंचीला हे अंतर चार फूट, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ. दहा फुटांवरून फरक दिसायचा तर ७७ इंची टीव्ही लागेल. एचडी रेडी ३२ इंचीत १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, तिथंही सहा फुटांच्या मागून तक्रारीला जागा नाही.

हे झालं डोळ्याचं. त्याहून मोठी भानगड आत येणाऱ्या चित्राची आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल एसडी आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपके. ४केच्या पडद्यावर याच्या बरोबर वीसपट ठिपके असतात. म्हणजे वीसातला एक ठिपका स्टेशनकडून येतो, उरलेले एकोणीस टीव्ही शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरतो. भारी टीव्हीचा अंदाज बरा असतो, स्वस्ताचा चेहऱ्यावर मेण फासल्यासारखा. म्हणून तर जुन्या २४ इंचीवर ठीक वाटणारी मालिका नव्या ५५ इंचीवर फाटल्यासारखी दिसते आणि शिव्या नव्या टीव्हीला पडतात.

बरेचदा तर एचडीचे पैसे भरूनही घरात एसडीच चाललेलं असतं. सेट टॉप बॉक्सच्या मागं पाहा. लाल-पांढरी-पिवळी वायर लावली असेल तर पिवळ्या वायरीतून एसडीच्या वर काही जातच नाही, बॉक्स कितीही भारी असो. ती काढा आणि एचडीएमआय लावा. दहा फुटांच्या आत साधी केबल पुरते, सोन्याच्या मुलाम्याची नको. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट ५७६ वर असेल तर १०८० वर न्या. त्यानंतर चॅनलच्या नावापुढे एचडी लिहिलंय का ते पाहा, कारण एकाच वाहिनीचे एसडी आणि एचडी असे दोन वेगळे नंबर असतात आणि हात सवयीनं जुन्याच नंबरावर जातो. जुना एमपेग-२ बॉक्स (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत वाचणारा) असेल तर फ्री डिशवरचे नव्या पद्धतीचे एमपेग-४ चॅनल त्यात लागणारच नाहीत, बॉक्सच बदलावा लागेल.

चित्र पुसट आहे म्हणून छतावर चढून डिश हलवू नका. डिजिटल सिग्नल एक तर पुरता येतो, नाही तर चौकोन-चौकोन होऊन अडकतो. कमी सिग्नलनं चित्र पुसट होत नाही. आषाढातल्या झडीत टीव्ही बंद पडतो तो पाण्यात लहरी विरतात म्हणून, नाही तर डिशच्या दांड्यावरच्या एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं म्हणून. त्याचा ४केशी काही संबंध नाही.

इंटरनेटवर ४के मिळतं, पण त्याला सलग १५ एमबीपीएसच्या (सेकंदाला १५ मेगाबिट) आसपास वेग लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे दोन जीबी असतील तर या वेगानं ते अठरा मिनिटांत संपतात. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतो, तेवढ्याच डेटात पाऊण तासाहून जास्त निघतो. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की ॲप स्वतःच दर्जा खाली आणतं आणि पडद्यावर ४८० (उभे ४८० ठिपके) चालू असतं, टीव्हीच्या कडेला ४केचा स्टिकर तसाच चिकटलेला. यूट्यूबमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू करा, प्रत्यक्षात किती ठिपके येताहेत ते आकड्यात दिसतं. इंटरनेटसाठी ४केचा विचार घरात फायबर असेल तरच करा.

मग डोळ्याला खरा फरक कशानं पडतो? काळा रंग किती काळा दिसतो, यानं. एलसीडी पॅनल मुख्यतः दोन जातींचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) ३००० ला एकच्या पुढे, पण कोनातून पाहिलं की रंग उडतो. आयपीएसमध्ये काळा रंग करडा, कॉन्ट्रास्ट १००० ला एकच्या आसपास, पण कोनातून चित्र टिकतं. टीव्ही दाराच्या उंचीवर आणि अर्धं घर खाली सतरंजीवर, असं असेल तर आयपीएस घ्या. व्हीए असेल तर टिल्ट होणारा स्टँड लावून पडदा खाली झुकवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला टीव्ही आला तर सगळ्यात उत्तम, पण लहान लेकरं आणि मांजर असलेल्या घरी ते जमत नाही, हेही कबूल.

दुसरं, उजेड. दार उघडं, समोर अंगणात वैशाखाचं ऊन, अशा खोलीत २५० निट्सचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) पडदा फिका पडतो. अशा टीव्हीवर 'एचडीआर' (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलेलं असलं तरी तो फक्त एचडीआरची फाइल वाचतो. तेवढा उजेड द्यायची त्याची ताकद नसते. क्रिकेटचा चेंडू पुसट दिसतो तोही ठिपके कमी म्हणून नाही. पॅनल हळू बदलतो आणि प्रत्येक चित्र क्षणभर धरून ठेवतो, म्हणून. ४के घेऊन चेंडू स्पष्ट होत नाही.

आधी फुकटातलं करून पाहा. पिक्चर मोड 'व्हिविड' वरून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' वर आणा. शार्पनेस शून्याजवळ न्या. तो वाढवला की बारकावा येत नाही, कडांना नुसती पांढरी किनार येते. पडद्याचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' वर ठेवा, नाही तर टीव्ही चित्र ओढून कडा कापतो. आणि पडदा पुसा. कूलरच्या वाऱ्यानं आलेली धूळ ओलसर हवेत काचेवर बसते. टीव्ही बंद करून, थंड झाल्यावर, मऊ कोरड्या कापडानं पुसा. काच पुसायचं औषध थेट मारू नका.

दुकानात चालणारी फुलं-पक्ष्यांची फीत मुद्दाम तशीच बनवलेली असते आणि आपण ती दोन फुटांवरून पाहतो. दहा पावलं मागं या आणि डिशचा साधा चॅनल लावायला सांगा. स्वस्त मालावर '४के सपोर्ट' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ४केची फाइल चालते एवढाच. खोक्यावर डिस्प्ले रिझोल्यूशन पाहा, तिथं ३८४० गुणिले २१६० नसेल तर पॅनल ४के नाही. ५० इंचांच्या वर बहुधा ४केच मिळतो, तिथं वाद घालू नका, घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे मोठं माप घेताना कराचा फटका कमी बसतो.

४केचा उपयोग एका जागी मात्र नक्की होतो. घरचे फोटो आणि लग्नाची शूटिंग. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो फुल एचडीवर खूप लहान करून दाखवावा लागतो. ४केवर टीव्हीसमोर उभं राहून पाहिलं तर शालूची जर सुटी दिसते. फक्त फोटो पेन ड्राइव्हवर मूळचाच टाका, व्हॉट्सॲपवरून आलेला आधीच लहान झालेला असतो. शूटिंगवाल्यानं ४के दिलं असेल तर टीव्ही एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) वाचतो का ते घेण्याआधी विचारा. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली मांडायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही. आधी त्यातला डेटा दुसरीकडे काढून घ्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर एनटीएफएसमध्ये करून पाहा.