ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं

2009 साली आम्ही सेकंडहँड मारुती 800 घेतली, केए-22 पासिंगची. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत ती जेमतेम उभी राहायची. लर्निंग लायसन्स काढलं, तीस दिवस गेल्यावर टेस्ट दिली, पास झाले. क्लासवाल्यांनी सपाट रस्त्यावर फिरवलं, रिव्हर्स शिकवला. घाटाचं नाव कुणी काढलं नाही. आणि बेळगावातून गोव्याला जायचं म्हणजे घाट आलाच.

त्याच डिसेंबरात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून साखळीला निघालो. स्टिअरिंगवर मी, शेजारी मामंजी. त्यांनी तीस वर्षं सरकारी बस चालवलेली. पेट्रोल वाचेल म्हणून मी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिले. चार-पाच वळणांत जळका वास आला. पुढच्या वळणाआधी पेडल मऊ लागलं, खाली जायला लागलं. माझे हात गार पडले.

"ब्रेक सोड. तिसरा टाक," मामंजी म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "आता दुसरा." इंजिन मोठ्यानं घुमलं, गाडीला कुणी मागून धरल्यासारखा वेग मोडला. रुंद जागा बघून त्यांनी हँडब्रेक हळूहळू ओढायला लावला. चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर त्यांनी अडवलं: तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकायचं नाही, ती वाकते. पाऊण तास आम्ही तिथेच बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं ते वाक्य मी वर लिहिलंय.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही जांबोटी रस्त्यावर गेलो. चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण थांबल्यावर तिला पुन्हा उचलणं अवघड. कायदाही तेच सांगतो. मी घाईनं गिअर टाकला की म्हणायचे, "गडबड कशाला करूलालीस? अजून एकदा."

दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, की त्यांची काळजी वाढायची. दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाईट नाही, असला तरी लोंबणाऱ्या वाड्यात, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांत, झाकलेला. आपल्या दिव्याचा उजेड जिथवर पोचतो, तेवढ्यात गाडी थांबलीच पाहिजे, हा त्यांचा हिशेब. संकेश्वरकडून येताना एकदा अंधारात ट्रॉली अचानक समोर दिसली. तो हिशेब पाळला होता म्हणूनच मी तिच्यामागे वेळेत थांबले. ट्रॉलीला साधा रेडियम लावायला किती खर्च येतो? याची चीड मला आजही येते.

2019 मध्ये नवी गाडी आली, एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाब-सोड करायचा, हे मामंजींनी माझ्या पायात बसवलं होतं. इथं नेमकं उलटं: पूर्ण दाबायचा, पेडल पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही, आणि स्टिअरिंग वळवायचं. पहिल्या पावसात कणकुंबीजवळ पेडल थरथरलं आणि मी दचकून पाय उचलला. गाडी थोडक्यात गटाराअलीकडे राहिली.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या ओल्या, मोकळ्या मैदानावर गेलो. माझं चार वेळा झाल्यावर त्यांनी चावी मागितली. वय चौऱ्याहत्तर. वेग घेतला, ब्रेक पूर्ण दाबला. पेडल थरथरलं तसा त्यांचा पाय उचलला गेला. क्षणभर ते गप्प बसले.

"अजून एकदा," म्हणाले, आणि रिव्हर्स टाकला.