नेदरलँड्सचा व्हिसा दोन आठवड्यांत आला, आजोळचा जन्म दाखला अकरा आठवड्यांनी

मागच्या वर्षी जूनमध्ये मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी नाशिकहून आइंडहोव्हनला राहायला आलो. नोकरी माझी आहे. तेव्हापासून नाशिकचं कोणी ना कोणी विचारतंच, व्हिसा कसा मिळाला, अवघड आहे का. व्हिसाचं खरंच काही नाही हो. कंपनी तिकडची मान्यताप्राप्त स्पॉन्सर, म्हणजे परदेशातून माणसं बोलवायला सरकारने मान्यता दिलेली, असेल तर अर्ज तीच करते, आयएनडी म्हणजे तिकडचं इमिग्रेशन खातं, त्यांचं उत्तर आम्हाला दोन आठवड्यांत आलं, मग मुंबईला एक चक्कर आणि पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे तिकडे राहायला जायच्या व्हिसाचा, स्टिकर. पासपोर्ट तर अख्ख्या देशाचे आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात, माझे वडील तिथूनच रिटायर झाले, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचे पासपोर्ट आधीपासून तयार होते.

मी अडकले जन्म दाखल्यावर, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून पाच दिवसांत तिथल्या गेमेंटेमध्ये, म्हणजे आपल्या महापालिकेसारखं, नाव नोंदवायचं असतं. त्याशिवाय बीएसएन, म्हणजे तिकडचा प्रत्येकाचा ओळख नंबर, मिळत नाही, आणि त्या नंबराशिवाय पगार, बँक, विमा सगळंच अडतं. कंपनीने कागदांची जी यादी पाठवली त्यात तिघांचे जन्म दाखले आणि आमचा लग्नाचा दाखला, सगळे अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात खरे मानले जावेत म्हणून सरकारचा शिक्का घेतलेले, असं होतं. मुलीचा दाखला कॉम्प्युटरवरचा, मराठी-इंग्रजी दोन्हीत. नवऱ्याचा महापालिकेतून दोन दिवसांत नवीन निघाला. माझा जन्म 1988 चा, निफाड तालुक्यातल्या एका गावातला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी या रीतीने आई तिकडे गेलेली. घरात माझा दाखला असा कधी नव्हताच, शाळेत घातलं तेव्हा तोंडी तारीख सांगितली आणि पुढे सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला चालला. पासपोर्टलासुद्धा तोच चालला.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी मी त्या गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात गेले. मामा बरोबर होता, द्राक्षांची तोडणी सुरू होती तरी मजूर सोडून आला. भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, दोन गावं, ते इथे मंगळवारी आणि शुक्रवारी, त्या दिवशी तालुक्याला मीटिंग. शुक्रवारी आले तर जुनं दप्तर कपाटात आणि चावी दुसऱ्याकडे. तिसऱ्या वेळी रजिस्टर निघालं. लाल कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या, जांभळ्या शाईने लिहिलेलं. माझ्या नोंदीत लिंग स्त्री, तारीख बरोबर, आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. माहिती देणाऱ्याची सही माझ्या आजोबांची होती, मोडक्या अक्षरात, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, मी त्या सहीवर बोट ठेवून उभी राहिले तर कारकून म्हणाले, ताई, हात लावू नका, पान फाटेल.

तरी नाव नसणं हा सोपा भाग. नोंद झाल्यावर 15 वर्षांच्या आत नाव घालता येतं असा नियम आहे, आणि ज्यांची ती मुदत उलटली त्यांच्यासाठी शासनाने अधूनमधून मुदतवाढ दिलेली आहे. हे मी आधी वाचून, आदेशाची प्रत काढून नेली होती. पण आमच्याकडे असं काही आलेलं नाही, एवढं एकच उत्तर मला तीन वेळा मिळालं. मी प्रत टेबलावर ठेवली तर ती न वाचता माझ्याकडे परत सरकवली. शेवटी पंचायत समितीत जाऊन तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांकडून अर्जावर शेरा आणला तेव्हा अर्ज घेतला. हे करायला दोन आठवडे गेले, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्हीही वाद घालत बसू नका, लेखी अर्ज द्या, पोच मागा, पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तोंडी विचारलेल्या गोष्टीचा कुठे मागमूस राहत नाही.

खरा गुंता आईच्या नावाचा. नोंद माहेरी झालेली, त्यामुळे आईचं नाव लिहिलेलं होतं माहेरचं, लहानपणीचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, आईचंही बदललं, आणि तिच्या आधारवर, पॅनवर, माझ्या पासपोर्टवर सगळीकडे सासरचं नाव. कागदावर बघितलं तर माझी आई दोन वेगळ्या बायका. पुरावा काय मागितला, तर दोन्ही नावं एकत्र असलेला त्या काळचा कागद. 1986 च्या लग्नाची नोंदणी कोण करत होतं? आईने ट्रंक उपसली, मावशीकडे फोन, आजोळच्या माळ्यावर मामीने दोन दिवस शोधलं. लग्नपत्रिका सापडली पण तिच्यात फक्त माहेरचं नाव. शेवटी आईच्या शाळेतून तिचा दाखला काढला, प्रेसच्या नोकरीतल्या वडिलांच्या फॅमिली डिटेल्समध्ये सासरचं नाव होतं त्याची प्रत घेतली, नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी साक्ष दिली की ही तीच. माझी आई, 61 वर्षांची, गुडघे दुखतात तरी मार्चच्या उन्हात त्या कार्यालयाच्या ओट्यावर दोन तास बसली होती, स्वतः तीच आहे हे सांगायला. आत पंखा चालू होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, कोणी या बसा म्हणालं नाही. ते मी विसरू शकत नाही.

एवढं होऊन दुरुस्ती मंजूर झाली आणि दाखला टाइप झाला तर माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं, पासपोर्टवर डबल ई आणि इथे आय. मी पासपोर्टची झेरॉक्स अर्जाला जोडली होती, त्यावर पिवळ्या मार्करने नाव रंगवलं होतं. पुन्हा एक आठवडा, त्यात दोन दिवस सर्व्हर बंद. म्हणून ऑपरेटर टाइप करत असेल तेव्हा शेजारी उभं राहा आणि सेव्ह करायच्या आधी स्क्रीन बघू द्या म्हणा, आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंगसुद्धा. मामाने हेच केलं दुसऱ्या वेळी, मी तेव्हा ऑफिसात होते, त्याने मोबाइलवर मला एकेक अक्षर वाचून दाखवलं. मामाला इंग्रजी फार येत नाही पण त्या दिवशी त्याने चूक होऊ दिली नाही.

या सगळ्यात रुजू व्हायची तारीख मेवरून जूनवर गेली. आयएनडीची मंजुरी आल्यावर तीन महिन्यांत स्टिकर घ्यावा लागतो आणि स्टिकर पुढे 90 दिवसच चालतो, त्यामुळे एकीकडे मंजुरी हातात आणि दुसरीकडे दाखल्याचा पत्ता नाही, अशी मी रात्र रात्र कॅलेंडर बघत बसायचे. कंपनीतली बाई समजूतदार होती, पण तिला काय सांगणार, चावी दुसऱ्याकडे आहे म्हणून?

अपोस्टिलचं सांगायचं राहिलं. आधी राज्य पातळीवरचं प्रमाणन मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, असा क्रम आहे. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे फक्त 50 रुपये, बाकी जे हजारांत सांगतात ते एजंटचे. आम्ही एजंटकडेच दिलं कारण मुंबईच्या फेऱ्यांना रजा उरली नव्हती, पण तीन जणांकडून भाव काढला आणि पहिल्या दोघांत दुपटीचा फरक होता. हाताने लिहिलेला जुना दाखला देऊ नका, नवीन क्यूआर कोडवाला काढा. इंग्रजीतला दाखला गेमेंटेला थेट चालतो, भाषांतराचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. आणि हो, लग्नाचा दाखला नवराबायकोच्या पासपोर्टांशी ताडून बघा, आमचा सुदैवाने बरोबर होता.

बाकी तयारी मी लिहीत नाही, कुकर आणि गोडा मसाला सगळेच नेतात. फक्त तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने कढवलेल्या तुपाची बरणी मी शेवटच्या रात्री बॅगेतून काढून ठेवली, तिला आधी सांगायला हवं होतं. मूळ कागद हातातल्या बॅगेत. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. आपल्याला तिथे टीबीची तपासणी करावी लागते, घाबरायचं कारण नाही, छातीचा एक्स-रे काढतात.

पोचल्यावर चौथ्या दिवशी आमची अपॉइंटमेंट होती. काउंटरवरच्या मुलीने माझा दाखला घेतला, मागे उलटून अपोस्टिल बघितला, आणि कॉम्प्युटरवर आईचं नाव टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली, स्पेलिंग बरोबर आहे का बघा म्हणाली. मिनिटभरही लागलं नसेल. मला एकदम रडू आलं, तिने पाण्याचा ग्लास आणून दिला. बाहेर येऊन आधी आईला फोन केला, तुझं नाव इथे लागलं म्हणून. तिने विचारलं, कोणतं लागलं? मी म्हटलं, दाखल्यावर आहे तेच, सासरचं. माहेरचं आजोबांनी लिहून ठेवलंय, ते त्या रजिस्टरात आहेच.

धाकट्या भावाच्या वेळचं बाळंतपणही आजोळीच झालं, त्याची नोंद दोन वर्षं पुढच्या पानांवर आहे, नावाच्या जागी तशीच रेघ. त्याला सध्या कुठे जायचं नाहीये. तरी त्याचा अर्ज, आईची सगळी कागदपत्रं आणि पंचायत समितीचा शेरा घेऊन मामा येत्या मंगळवारी जाणार आहे.