बोर्ड भारी झाला आणि गिऱ्हाईक गेलं

वागळे इस्टेटला आमचं बोर्डाचं छोटं वर्कशॉप आहे. 2023 च्या नोव्हेंबरात जेवायला फुरसत नव्हती, कारण सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिने दिले होते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालणार नाही म्हटल्यावर ठाण्यातलेपण सगळे एकदम जागे झाले. त्याच गडबडीत नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्राचं काम आलं.

गंमत म्हणजे त्यांची पाटी आधीपासून मराठीतच होती. पिवळा पत्रा, त्यावर पेंटरने हाताने काढलेली लाल अक्षरं, कोपऱ्यात ‘पुरणपोळी ऑर्डरप्रमाणे’. पण केंद्र चालवणाऱ्या काकांच्या मुलाला ‘प्रीमियम लुक’ पाहिजे होता. काळी मॅट एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकची शीट, सोनेरी अक्रिलिक अक्षरं, बारीक नाजूक फॉन्ट, ‘पोळीभाजी केंद्र’ गायब, नुसतं आडनाव आणि खाली इवलंसं ‘होममेड किचन’. मलापण आवडला, खोटं कशाला बोलू, फोटो काढून स्टेटसला ठेवला होता.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन. "अहो, तुम्ही बोर्ड लावलात की नजर लावलीत?"

मला वाटलं एलईडीची पॉवर सप्लाय गेली असेल. संध्याकाळी टेस्टर घेऊन गेलो तर बोर्ड झकास पेटलेला. मग म्हटलं जरा समोरच्या फुटपाथवरून बघू. दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन थांबल्या, एक म्हणते, "इथे पोळ्या मिळायच्या ना गं?" दुसरी म्हणाली, "बंद झालं वाटतं, हे काहीतरी केकबिकचं दिसतंय." आणि गेल्या पुढे! आत काकू पोळ्या लाटतायत, नुसती मान वाकवली असती तरी दिसल्या असत्या. थोड्या वेळाने एक माणूस रिकामा डबा घेऊन आला, वर बघितलं, शर्टाचा खिसा चाचपला आणि वळला. ते मला जास्त लागलं, कारण पोळीचा भाव एक रुपयानेसुद्धा वाढला नव्हता.

आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असतो, दहा फुटांमागे एक इंच अक्षराची उंची. रस्त्यापलीकडून तीस फूट धरले तर किमान तीन इंच पाहिजे, आणि त्या ‘होममेड किचन’ची उंची होती दीड इंच. त्यात मी काउंटरवर 6500 केल्विनचा पांढरा लाइट लावलेला, मोबाईलच्या दुकानात लावतात तसला, त्याच्याखाली गरम पोळीसुद्धा कालची वाटत होती. ती चूक माझीच, मुलाने फक्त "ब्राइट पाहिजे" एवढंच सांगितलं होतं.

जुना पत्रा काकूंनी पोटमाळ्यावर गव्हाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता. पुसला, कडेचा गंज घासला, लाल रंगाचा एक हात मारला आणि परत चढवला. खाली पोळीचा भाव ठळक लिहिला, काउंटरला 3000 केल्विनचा पिवळसर लाइट. मजुरी घेतली नाही, कुठल्या तोंडाने मागणार?

चार दिवसांनी काकांनी वर्कशॉपवर पुरणपोळ्या पाठवल्या. मुलगा मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ती काळी शीट आम्ही जेवायच्या टेबलावर टाकलीये, पुरणपोळ्या तिच्यावरच खाल्ल्या.