सत्तावीस नंबरची जर्सी

फुटबॉलचा सीझन सुरू झाला की दर शुक्रवारी बाल्टिमोर जांभळं होतं. बँकेतला कॅशियर, शाळेतल्या बाई, दातांच्या डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट, सगळे रेव्हन्सच्या जर्सीत. इथला फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. मला आजही त्यातलं सगळं कळतं असं नाही, पण या शहराचं त्या संघावर जे प्रेम आहे ते कळतं. त्यामागे एक जखम आहे. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरचा जुना संघ, कोल्ट्स, एका रात्रीत ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. ते ट्रक सुटले आम्ही राहतो त्या ओविंग्ज मिल्समधून. पुढे बारा वर्षं शहराला देशातल्या मुख्य लीगमधला संघच नव्हता. १९९६ साली रेव्हन्स आले, तेव्हा लोकांनी त्यांना घरातलं माणूस परत आल्यासारखं धरून ठेवलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढची गोष्ट याच प्रेमाची आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये रेव्हन्सनी सॅन फ्रान्सिस्कोला ३४-३१ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या संघातला रे राइस हा बॉल घेऊन धावणारा, म्हणजे रनिंग बॅक. बुटका, चपळ, हसरा. नंबर सत्तावीस. आदल्या उन्हाळ्यातच त्यानं पाच वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार केला होता. शाळांमध्ये जाऊन तो मुलांना दादागिरी करू नका असं सांगायचा, त्यामुळे तो आयांनाही आवडायचा.

१५ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीमधल्या एका कसिनोच्या लिफ्टमध्ये त्यानं आपल्या होणाऱ्या बायकोला, जनेला, ठोसा मारला. ती बेशुद्ध पडली. चार दिवसांत टीएमझी या वेबसाइटनं लिफ्टबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात तो तिला लिफ्टमधून ओढत बाहेर काढतो आणि ती जमिनीवर तशीच पडलेली दिसते. म्हणजे काय घडलं हे फेब्रुवारीतच साऱ्या देशाला माहीत होतं. पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

२७ मार्चला त्याच्यावर गंभीर मारहाणीचा आरोप निश्चित झाला आणि दुसऱ्या दिवशी दोघांचं लग्न झालं. मे महिन्यात न्यायालयानं त्याला सवलत दिली. खटला चालवायचा नाही, समुपदेशन घ्यायचं, वर्षभर नीट वागलं की आरोप मागे. मारहाणीच्या प्रकरणात अशी सवलत क्वचितच मिळते. त्याच काळात, त्याच सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे फिलाडेल्फियाच्या एका एकट्या आईचं प्रकरण होतं. तिच्याकडे आपल्या राज्याचा पिस्तुलाचा परवाना होता, तो न्यू जर्सीत चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला तिनं आपणहून ते सांगितलं. तिला हीच सवलत आधी नाकारली. तीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर होती. सप्टेंबरमध्ये राइसच्या प्रकरणावरून देशभर आरडाओरडा झाला, त्यानंतर कुठे तिला ती मिळाली.

२३ मे रोजी ओविंग्ज मिल्समधल्या संघाच्या मुख्यालयात पत्रकार परिषद झाली. माझ्या रोजच्या रस्त्यापासून ती जागा फार लांब नाही. मी ती संध्याकाळी टीव्हीवर पाहिली आणि पोटात ढवळून आलं. राइसनं मालकाची, मॅनेजरची, प्रशिक्षकाची, चाहत्यांची माफी मागितली. शेजारी बसलेल्या बायकोचं नाव त्या माफीच्या यादीत नव्हतं. पडणं म्हणजे अपयश नव्हे, पडून न उठणं म्हणजे अपयश, असंही तो म्हणाला. जिला त्यानं पाडलं ती हातभर अंतरावर बसली होती. मग ती बोलली. त्या रात्री जे घडलं त्यातल्या स्वतःच्या वाट्याबद्दल तिनं खेद व्यक्त केला, आणि संघानं तेवढंच वाक्य उचलून आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावर टाकलं. एवढी माणसं कामाला असलेल्या संस्थेत ते वाक्य कोणी लिहिलं, कोणी वाचलं, कोणी जाऊ दे म्हटलं! मार खाणारीनं माफी मागायची, आणि ती संघानं प्रसिद्ध करायची.

जुलैत लीगनं, म्हणजे एनएफएलनं, शिक्षा जाहीर केली: दोन सामने. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलँडच्या जॉश गॉर्डनला गांजाच्या चाचणीत सापडल्याबद्दल अख्ख्या सीझनसाठी बाहेर बसवलं. नंतर नियम बदलले आणि ती शिक्षा दहा सामन्यांवर आली, तरीही दहा! राइस मात्र काही दिवसांनी सरावासाठी मैदानात उतरला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

८ सप्टेंबरला टीएमझीनं लिफ्टच्या आतलं चित्रण दाखवलं. ठोसा दिसला. त्याच दिवशी दुपारी रेव्हन्सनी राइसला काढून टाकलं आणि लीगनं बेमुदत निलंबित केलं. लीगचा कमिशनर रॉजर गुडेल म्हणाला, आम्हाला आधी नेमकं माहीत नव्हतं. पण नोव्हेंबरमध्ये बार्बरा जोन्स या निवृत्त न्यायाधीशांनी निकाल दिला की राइसनं जूनमध्येच गुडेलसमोर मारल्याची कबुली दिली होती, खोटं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा करणं मनमानी आहे. निलंबन रद्द झालं. तरी राइस पुन्हा एकही सामना खेळला नाही. तोवर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याचा वेग उतरणीला लागला होता, आणि सगळ्या जगानं ते चित्रण पाहिलं होतं.

माझं म्हणणं इथेच आहे. फेब्रुवारी आणि सप्टेंबर यांच्यात गुन्हा बदलला नाही. तो झाकणं परवडत होतं तोवर झाकला, परवडेना तेव्हा माणूस फेकून दिला. या दोन्ही हिशेबांत ती बाई कुठेच नव्हती.

संघानं १९ आणि २० सप्टेंबरला राइसच्या जर्स्या बदलून द्यायचं ठरवलं. सत्तावीस नंबर आणून द्या, दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचा घेऊन जा. शुक्रवार होता, माझं ऑफिस स्टेडियमपासून चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी गेले. रांग लांबच लांब. बाप आपल्या पोरीच्या डोक्यावरून जर्सी काढतोय, ती हात वर करून उभी, आत शाळेचा टी-शर्ट. एकाच्या जर्सीला अजून दुकानाचं लेबल होतं. टेबलामागची माणसं जर्स्या घेऊन मोठ्या खोक्यांत टाकत होती. रांगेतलं बोलणं सगळं मापांचं. एक्स्ट्रा लार्ज उरलाय का, फ्लॅकोचा पाच नंबर संपला का, लहान मुलांचे कुठे मिळतात. मी बराच वेळ उभी होते, तिचं नाव माझ्या कानावर आलं नाही. दोन दिवसांत सात हजारांहून जास्त जर्स्या जमा झाल्या. त्याच्या आठवडाभर आधी, ११ सप्टेंबरच्या सामन्याला, कितीतरी बायका मुद्दाम सत्तावीस नंबर घालून आल्या होत्या. त्यांच्यावर मला राग धरवत नाही. प्रेम एका दिवसात काढून खोक्यात टाकता येत नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, ४ सप्टेंबर २०१४ ला, स्टेडियमबाहेर रे लुइसचा पुतळा उभा राहिला होता. लुइस म्हणजे रेव्हन्सचा जुना खेळाडू, या शहराचा देवच. जानेवारी २००० मध्ये अटलांटात एका नाइटक्लबबाहेर झालेल्या मारामारीत दोन तरुण भोसकले जाऊन मेले. लुइस तिथे होता. त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला, पुढे तो मागे घेतला. पोलिसांची दिशाभूल केल्याची, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याची कबुली देऊन त्यानं साथीदारांविरुद्ध साक्ष दिली. ते साथीदार निर्दोष सुटले. लीगनं अडीच लाख डॉलर दंड केला. लुइसचा खुनात हात होता असं न्यायालयात सिद्ध झालेलं नाही आणि मीही तसं म्हणत नाही. पण त्या दोन मुलांच्या मृत्यूसाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. पुढच्याच वर्षी लुइस सुपर बोलमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि बाल्टिमोरनं तो विषय मिटवून टाकला. इथल्या माणसांशी या पुतळ्याबद्दल बोलून बघा. माझ्या ऑफिसात, एरवी माझ्याशी तासन्‌तास बोलणारी माणसं या विषयावर दोन मिनिटांत उठून गेली आहेत.

घरून फोन आला की लोक म्हणतात, तिकडचे खेळाडू म्हणजे सगळे गुंडच ना? नाही, तसं नाही. एनएफएलच्या खेळाडूंना अटक होण्याचं एकूण प्रमाण त्यांच्या वयाच्या सर्वसाधारण अमेरिकन पुरुषांपेक्षा कमीच असल्याचं आकड्यांची छाननी करणाऱ्यांनी दाखवलं आहे. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, आणि ‘गुंड’ हा शब्द इथे फार जुन्या द्वेषातून येतो, म्हणून मी तो वापरू देत नाही. मात्र ज्या अटका होतात त्यांत घरगुती हिंसाचाराचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे. एवढा पैसा, एवढं स्थैर्य असलेल्या माणसांत तो कमी असायला हवा. माझ्या मते याचं कारण हेल्मेटमध्ये किंवा रक्तात शोधायला नको. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून या मुलाभोवती एक कडं उभं राहतं. शाळेचा कोच, कॉलेज, एजंट, संघाचा सुरक्षा अधिकारी, वकील, चाहते. प्रत्येकाचं काम एकच, शनिवारी-रविवारी तो मैदानात उतरला पाहिजे. या कड्याच्या आत राहणारी बायको एकटी पडते. तिनं तोंड उघडलं तर नवऱ्याचं करिअर जातं, त्यासोबत घर, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचा आधार, सगळंच जातं.

हे मला इतकं आतून का कळतं, तर हाच हिशेब मी आपल्या मराठी माणसांत ऐकला आहे. आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुवायची सामाईक मशिन्स होती. तिथे एक मुलगी यायची, पुण्याकडची, लग्न होऊन नुकतीच आलेली. एकदा ड्रायरमधून चादरी काढताना तिची बाही वर सरकली आणि दंडावरचे बोटांचे वळ दिसले. मी विचारलं. ती चादरीची टोकं जुळवत म्हणाली, “ताई, तक्रार केली तर ह्यांची नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग मी कुठल्या तोंडानं परत जाऊ?” एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोचं इथलं राहणं नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टांगलेलं असतं, आणि तेव्हा एच-४ वर नोकरीही करता येत नव्हती. २०१५ पासून काहीजणींना करता येते, तीही नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापुढे गेली असेल तर. कुठे कोट्यधीश खेळाडूची बायको आणि कुठे ही, पण दोघींच्या गळ्यात दोरी एकाच जातीची. त्यावर आजूबाजूची आपली मंडळी काय म्हणायची? मुलगा हुशार आहे, चांगल्या कंपनीत आहे, कशाला त्याचं वाटोळं करता.

त्या मुलीला मी न्यू जर्सीतल्या ‘मानवी’ या संस्थेचं नाव दिलं. दक्षिण आशियाई बायकांसाठी १९८५ पासून काम करणारी संस्था. बाल्टिमोरमध्ये ‘हाउस ऑफ रूथ’ आहे, तिथे राहण्याची सोय होते, वकील मिळतो. मारहाण करणाऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईसाठी कायद्यात काही वेगळ्या वाटाही आहेत, आणि त्या कळण्यासाठी आधी कोणाला तरी सांगावं लागतं. राइसचं दुसरं चित्रण आलं त्याच दिवशी ‘व्हाय आय स्टेड’ अशा हॅशटॅगखाली हजारो बायकांनी आपण मार खाऊनही का राहिलो ते लिहिलं. पैसा, पोरं, भीती, लाज, प्रेम. मी ते रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. ज्यांच्या लेकी लग्न करून इकडे येणार आहेत त्यांनी या दोन्ही संस्थांची नावं विमानात बसायच्या आधी मुलीला लिहून द्यावीत, असं मी मनापासून सांगेन.

लीगचे नियम नंतर बदलले. ऑगस्ट २०१४ मध्येच गुडेलनं आपला निर्णय चुकला असं पत्र लिहून घरगुती हिंसाचारासाठी पहिल्या वेळी सहा सामन्यांची शिक्षा ठरवली. राइस समुपदेशन घेऊन, इतर खेळाडूंना आपली गोष्ट सांगत फिरू लागला. जने आजही त्याच्यासोबत आहे, आणि तो तिचा निर्णय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रेव्हन्सनी त्याला सामन्याच्या वेळी बोलावून सन्मान केला आणि स्टेडियम पुन्हा टाळ्यांनी भरलं. माणूस बदलू शकतो यावर माझा विश्वास आहे. त्याला बोलावलं याचं मला दुःख नाही. संघानं २०१४ च्या त्या ट्वीटबद्दल जनेची त्याच मैदानात, तितक्याच मोठ्या आवाजात माफी मागावी, असं मात्र मला त्या दिवशी फार वाटलं.

२०२५ च्या जानेवारीत याच संघाचा किकर जस्टिन टकर याच्यावर मसाज थेरपिस्ट महिलांनी गैरवर्तनाचे आरोप केले. एकामागून एक अशा अनेकजणी पुढे आल्या. त्यानं सगळे आरोप नाकारले, आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला नाही. या वेळी कुठलाही कॅमेरा नव्हता, चित्रण नव्हतं. तरी लीगनं चौकशी करून त्याला दहा सामन्यांसाठी निलंबित केलं. बायकांच्या शब्दाला काही वजन आलं, हे मी मान्य करते. पण मे महिन्यात रेव्हन्सनी त्याला सोडलं, तेव्हाच्या निवेदनात हा फुटबॉलचा निर्णय आहे, कठीण निर्णय आहे, एवढंच होतं. त्या बायकांबद्दल एक ओळही संघाला लिहाविशी वाटली नाही. ती ओळ लिहायला पैसे लागत नव्हते, वकीलही नाही म्हणाले असतील तर त्यांना बाजूला सारता आलं असतं, आणि या शहरानं त्या संघाला जे प्रेम दिलंय त्याच्या बदल्यात ती मागण्याचा हक्क आम्हा इथे राहणाऱ्यांना आहे.