मालिशवाले दादा यायच्या आत

पार्लरमध्ये मालिशला गेलेला माणूस निवांत पाहुणा असतो. चादर कुणी अंथरली, तेल कुणी कोमट केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तीच मालिश घरी बोलावली, किंवा अजिंठा पाहून पाय भरून आले म्हणून जळगावच्या लॉजच्या खोलीत बोलावली, की मालिश करून घेणाराच यजमान होतो. आणि खानदेशी माणसाचं यजमानपण सहजी उतरत नाही. दादा दारात आले की पाणी, मग चहा, मग यंदा कपाशीला काय भाव मिळाला; पालथं पडल्यावरही कान गॅसवरच्या दुधाकडे. अशा अंगावर कितीही चांगला हात फिरला तरी खांदे कानापर्यंत चढलेलेच राहतात. म्हणून यजमानाची सगळी कामं दादा किंवा मावशी यायच्या आधीच उरकून ठेवावीत.

सुरुवात पंचांगापासून नव्हे, नळापासून करावी. खानदेशातल्या बऱ्याच गावांत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येणार त्या दिवशी मालिश ठेवली, तर पाठीला जेमतेम तेल लागतं आणि गल्लीतून ‘पाणी आलं’ अशी हाक येते. मग तेलकट अंगाने मोटर चालू करायला धावणारा माणूस विजेच्या बटणाला ओला, ओशट हात लावतो, हे वेगळंच. पाण्याचा दिवस टाळा, पण आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा. तेल काढायला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. भारनियमनाची वेळही विचारून घ्या.

जेवणाचा हिशेब सोपा आहे. साध्या भाजी-भाकरीनंतर दोन तास, तुपात बुडवलेल्या वरण-बट्टीनंतर तीन. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे मांडे किंवा थंडीतल्या भरिताची पंगत झाली असेल, तर त्या दिवसाचं नावच घेऊ नका. पालथं झोपून पाठीवर दाब पडला की भरलेलं पोट वर ढकललं जातं, घशाशी आंबट येतं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानेही अजीर्ण असलेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलं आहे. अगदी उपाशीपोटीही नको, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तासभर आधी एक केळं खावं. केळ्यासाठी या भागात कुणाला लांब जावं लागत नाही.

आता जागा. इथे बहुतेकांचा पहिला विचार पलंगाचा असतो आणि तो चुकतो. डबल बेड उंचीला दीड फूट, रुंदीला पाच-सहा फूट. उभं राहून मालिश करणाऱ्याला पृष्ठभाग साधारण त्याच्या खाली सोडलेल्या मुठीच्या उंचीला हवा. दीड फुटावर वाकला की दहा मिनिटांत त्याचीच कंबर धरते, हात तिरपा पडतो आणि पलीकडची बाजू अर्धवट राहते. शिवाय फोमची गादी सगळा दाब स्वतःच पिऊन टाकते. बाज तर नकोच. बाजेला झोळ असतो, कंबर खाली जाते, आणि ज्या कंबरेसाठी हा खटाटोप तीच आणखी अवघडते. सगळ्यात उत्तम जमीन. खाली सतरंजी, वर दोन-अडीच इंचाची, नीट पिंजलेली कापसाची गादी. कापसाच्या मुलखात तिला तोटा नाही. मात्र गुठळ्या झालेली नको, छातीखाली आलेली एक गुठळी तासभर विसरता येत नाही. गादी सहा बाय तीनची, आणि भोवती चारही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळे, म्हणजे दहा बाय सात फुटांची जागा. टीपॉय बाहेर काढा. मालिश करणारा गुडघ्यांवर सरकत फिरतो, त्याच्या गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी द्या. यजमानपण दाखवायचंच असेल तर ते इथे दाखवावं.

गादीवर मेणकापड, त्यावर जुनी सुती साडी किंवा धोतर दुहेरी करून. मेणकापड थेट अंगाखाली आलं की घाम सुटतो, कातडी चिकटते आणि प्रत्येक हालचालीला चर्रचर्र आवाज येतो. नवीन चादर घालू नका, त्यावर पडलेला डाग निघतो असं सांगणारे स्वतः धुणं धूत नसतात.

पार्लरच्या टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असतं, घराच्या जमिनीला नसतं. पालथं झोपल्यावर मान एका बाजूला वळवून अर्धा तास ठेवली, की पाठ मोकळी होऊन मान आखडते. त्यावर उपाय म्हणजे जाड टॉवेलची गुंडाळी करून ती घोड्याच्या नालेच्या आकारात ठेवायची, कपाळ तिच्यावर आणि नाक मधल्या मोकळ्या जागेत. हे जमत नसेल तर छातीखाली पातळ उशी घ्या, मान वळवा आणि अर्ध्यात बाजू बदला. घोट्यांखाली पाच-सहा इंच जाडीची दुसरी गुंडाळी. उताणं झाल्यावर तीच गुडघ्यांखाली सरकवायची. कंबरेचं जुनं दुखणं असेल तर पालथं असताना पोटाखाली एक पातळ उशी घ्यावी. एवढ्या तीन गुंडाळ्या-उश्यांनी जो फरक पडतो, तो महागड्या तेलाने पडत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घराघरात खिडकीला कूलर लागलेला असतो. तेल लावलेल्या उघड्या अंगावर कूलरचा ओला, गार झोत थेट आला, की माणूस नकळत आकसतो, आणि दादा दुप्पट जोर लावून तेच स्नायू सोडवत बसतात. मालिशच्या अर्धा तास आधी कूलर पूर्ण चालवून खोली गार करून घ्या. मग पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा मंद ठेवा, झोत भिंतीकडे वळवून. कूलरसाठी खिडकी उघडी राहते आणि त्याच्या बाजूची फट नेमकी शेजारच्या गच्चीकडे असते. तिथे जुनी चादर लावायला विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत उलट गोष्ट: रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा मालिश दुपारी ठेवावी आणि जो भाग चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. उन्हाळ्यातही ही चादर असावीच. झाकलेला माणूस लवकर सैल पडतो.

तेल पूर्ण अंगाला ५० ते ६० मिली पुरतं. कोरडी त्वचा किंवा अंगावर दाट केस असतील तर थोडं जास्त. थंडीत तीळ, उन्हाळ्यात खोबरेल ही सर्वसाधारण पद्धत. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे थंडीत ते वाटीतच बसून राहतं. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या बियांचं तेल अंगाला लावतात. तेही थंडीत लोण्यासारखं होतं, आणि कातडी भेगाळलेल्यांना तेच आवडतं. घाण्यावरचं शेंगदाणा तेल घरात असतंच, पण त्याचा वास दोन दिवस अंगाला राहतो आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. नवीन तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावं. तेल गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात स्टीलची वाटी पाच मिनिटं ठेवायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तर गच्चीवरच्या काळ्या टाकीचं नळाचं पाणीच यासाठी पुरतं. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी तेलाची ऊब दुसऱ्याला तपासायला लावावी. त्यांच्या तळव्यांना चटका कळत नाही.

तळपायांना काशाची वाटी फिरवायची असेल तर त्यांच्याखाली वेगळं फडकं हवं. तळवे काळे पडले की ‘बघा, किती उष्णता निघाली’ असं म्हणायची रीत आहे. ते काळं म्हणजे घासल्या गेलेल्या काशाची तेला-तुपाशी झालेली क्रिया. उष्णतेला रंग नसतो. पण वाटी फिरवून घ्यायला मात्र फार बरं वाटतं, आणि चादरीवरचा तो काळा डाग काही केल्या जात नाही.

खरी तयारी मात्र शब्दांची आहे. ‘कुठे दुखतंय?’ या प्रश्नाला अहिराणीत ‘समदं आंग दुखस’ असं उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण त्याने हाताला दिशा मिळत नाही. दुखण्यासाठी आपल्याकडे इतके नेमके शब्द आहेत की वापरले नाहीत तर तोटा आपलाच. अंग अवघडलं, मान आखडली, पाय भरून आले, खांदे शिणले ही मालिशची हक्काची दुखणी. पोटरीत वांब येतात, तेव्हा आधी ताण देऊन मग हलका हात. पाठीत उसण भरली असेल, म्हणजे कालपरवा वाकताना चमक निघाली आणि सरळ होता येत नाही, तर त्या जागी दाबून रगडायला लावू नका. आवळलेला स्नायू आणखी आवळतो. ठणका लागला असेल, म्हणजे ठोके पडल्यासारखं दुखतंय आणि जागा लाल, गरम आहे, तर तेलाची बाटली ठेवून द्या. कंबरेतून पायात कळ जाते, मुंग्या येतात, ते काम डॉक्टरांचं. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर तिथे कुणालाही हात लावू देऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा दवाखाना, आणि तोही त्याच दिवशी. ताप, कातडीवरचं पुरळ, ताजी जखम, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण यांची गोष्ट आधीच सांगून टाकावी.

याच बोलण्यात बाकीचंही ठरवून घ्यायचं: किती वेळ, किती पैसे, जाण्यायेण्याचं भाडं धरून का वेगळं, अंगावर कोणते कपडे राहणार, कुठे हात नको, जोर किती. बाईमाणसाने मावशींनाच बोलवावं, ओळखीतूनच बोलवावं, आणि घरात दुसरं कुणीतरी असावं. लॉजवर असाल तर काउंटरवर आधी सांगा. बाहेरच्या माणसाची नोंद ते घेतातच आणि ती असलेली बरी. मध्येच जोर जास्त झाला तर ‘हयू दाबा’, म्हणजे हळू दाबा, असं म्हणायला लाजू नका. ओठ आवळून सोसणाऱ्याची मालिश चांगली होते ही तालमीतली समजूत आहे, आणि तिथेही ती सगळे मानत नाहीत. स्पर्श किंवा बोलणं खटकलं तर ‘बंद करा’ एवढं पुरे. कारण देण्याची गरज नसते.

किरकोळ गोष्टी: त्याच दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग नको, तेल झोंबतं. अंगठ्या, जोडवी, घड्याळ, गळ्यातलं सगळं एका डबीत, आणि ती डबी कपाटात. लघवीला आधीच जाऊन यावं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पण त्याआधी पैसे रोख काढून फ्रिजवर मांडावेत. मालिशनंतर तेलकट बोट फोनचा सेन्सर ओळखत नाही आणि टॉवेल गुंडाळलेला माणूस दारात पासवर्ड आठवत उभा राहतो.

संपल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, हाताने रेटून बसा, मिनिटभर थांबा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दोन मिनिटं. तळपाय आधीच पुसून घ्या, कारण मालिशचा मोठा अपघात गादीवर होत नाही, तो गादीपासून न्हाणीघरापर्यंतच्या दहा पावलांत होतो. फरशी आणि तेल यांची मैत्री फार जुनी. वाटेवर गोणपाट टाकून ठेवावं. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्याने अंघोळ, तेल काढायला डाळीचं पीठ, साबण नंतर. पीठ मोरीत जाळीवर अडवा, नाहीतर तेल आणि पीठ मिळून आत जो लगदा होतो तो काढायला वेगळे दादा बोलवावे लागतात. आता मालिशवाल्या दादांना चहा विचारायला हरकत नाही.

चादर आणि टॉवेल मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. करडई, सूर्यफूल, जवस ही तेलं हवा लागून सुकतात आणि सुकताना ऊब सोडतात. कोंबून ठेवलेल्या ढिगात ती ऊब बाहेर पडत नाही, आणि असे बोळे आपोआप पेटल्याची उदाहरणं आहेत. कपडे मोकळे पसरून ठेवा. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर भिजवून धुवा आणि खडखडीत उन्हात वाळवा. एवढं करूनही चार-पाच धुण्यांनंतर साडीला खवट वास धरतोच. ती मग त्याच कामाला ठेवायची, वेगळी घडी करून, माळ्यावर.