गोठ्यात भट्टी मांडली, ऐरणीसाठी मात्र अख्खं उद्यमबाग पालथं घातलं

हल्ली भेटेल तो विचारतोय की लोहारकाम हौसेनं करायचं तर काय काय लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. युट्युबवर बाहेरच्या देशातले लोक बघितले की वाटतं पहिल्यांदा लाखभर रुपये बाजूला काढायला पाहिजेत. तसं काही नाही. आमच्या बेळगाव भागात राहणाऱ्याला ऑनलाइन मागवावं असं यात जवळजवळ काहीच नाही, सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत मिळतं. अडते ती एकच गोष्ट, ऐरण. आणि ती पण ऑनलाइन घेऊ नका, का ते सांगतो.

गंमत बघा, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबाग म्हणा, मच्छे म्हणा, इथं फाउंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) काय तोटा आहे का? रोज लोखंड वितळतंय, पंपाच्या बॉड्या आणि काय काय ओतलं जातंय. त्यामुळं ऐरण म्हटलं की प्रत्येकाचा सल्ला ठरलेला, "अरे पॅटर्न (ओतायचा नमुना) करून दे आणि एक ओतून घे की!" पण ओततात ते बहुतेक ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे बीड. त्यात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा आतभर पसरलेला असतो. मशीनच्या बेडला हे एकदम झकास, कारण ते कंपनं गिळतं. पण ऐरणीला नेमकं हेच नको असतं ना. तुम्ही घाव घालणार, तो गिळला जाणार, हातोडा मेल्यासारखा खाली पडणार आणि कडा चार दिवसांत टवके उडून जाणार. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या रंग मारलेल्या ऐरणी बहुतेक याच जातीच्या, दिसायला एकदम राजबिंड्या.

पारखायची पद्धत सोपी आहे. खिशात एक बेअरिंगची गोळी ठेवायची, ऐरणीवर दहा इंचांवरून सोडायची. चांगल्या कडक पोलादावर ती सात-आठ इंच उसळते आणि आवाज टणत्कार येतो. कास्ट आयर्नवर तीन-चार इंच उठते न उठते तोवर थप्प. भंगारवाल्यासमोर हे केलं की तो आपल्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतो, भाव मात्र कमी करत नाही.

दुसरा सल्ला हमखास येतो तो रेल्वेच्या रुळाचा. रूळ खरंच चांगला असतो. आपल्याकडचे मोठे रूळ मीटरला 52 किंवा 60 किलोचे, त्यामुळं 60 वाल्याचा फूटभर तुकडा म्हणजे अठरा किलो. तो आडवा न ठेवता उभा रोवला तर सगळं वजन बरोबर घावाच्या खाली येतं. पण बिलाशिवाय रुळाचा तुकडा घरात ठेवू नका बाबांनो. रेल्वे प्रॉपर्टी (अनलॉफुल पझेशन) ॲक्ट, 1966 म्हणून कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हौसेपायी कोर्टाच्या चकरा कुणी सांगितल्यात? लिलावातला माल रीतसर पावतीवर देणारा कुणी भेटला तर घ्या, नाहीतर क्रेनचा रूळ बघा, तोही चालतो.

आमच्या येळ्ळूरकडचे एक म्हातारे लोहारमामा आहेत, त्यांच्याकडं विचारायला गेलो. बसूनच काम चाललेलं. ऐरण म्हणजे हातभर पण नाही, बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेली, ओंडका जमिनीत गाडलेला. मान वर न करता म्हणाले,

"काय रे, तुला कशाला पाहिजे ऐरण? शोभेला काय?"

"नाही हो मामा, शिकायचंय."

"नोकरी सोडलास?"

"नाही, सुट्टीच्या दिवशी."

मग त्यांनी कुदळ भट्टीत सरकवली, भात्याच्या जागी लावलेल्या ब्लोअरचं बटण दाबलं आणि म्हणाले, "ऐरण केवढी आहे ते बघू नको. ती हलते का बघ. हलणाऱ्या ऐरणीवर म्हशीएवढी ताकद लावलीस तरी लोखंड ऐकत नाही." हे वाक्य ऐकल्यावर माझी निम्मी शोधाशोध थांबली बघा. कारण मला शिंगवाली, विलायती चित्रातली ऐरण पाहिजे होती, आणि गावातल्या दोन-तीन पिढ्यांचे फाळ, विळे, खुरपी त्या हातभर तुकड्यावर झालेली.

शेवटी उद्यमबागेत मित्राच्या वर्कशॉपमध्ये ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) चा कापून उरलेला चौकोनी तुकडा मिळाला, 150 बाय 150 आणि लांबी 300 मिलिमीटर. हिशेब केला तर बरोबर 53 किलोच्या आसपास वजन. उभा ठेवला की वर सहा इंची चौकोनी तोंड, किलोभराच्या हातोड्याला भरपूर झालं. ईएन-8 मध्ये कार्बन 0.4 टक्क्याच्या आसपास, म्हणजे एमएसच्या (माइल्ड स्टील, बाजारात मिळतं ते साधं लोखंड) दुप्पट. फार कडक नाही पण तापलेलं लोखंड त्याहून कितीतरी मऊ असतं, त्यामुळं वांधा होत नाही. वरचं तोंड सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घेतलं, आणि चार कडांपैकी दोन कानशीनं गोल केल्या, कारण धारदार कडेवर लोखंड वाकवलं की आतल्या बाजूला चीर पडते. शिंग नाही, त्याचं काय अडत नाही. गोलाई द्यायला जाड शाफ्टचा तुकडा बाजूला रोवलाय.

उंची हा मुद्दा लोक विसरतात. सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मूठ वळायची, बोटांची पेरं जिथं येतात तिथं ऐरणीचं तोंड आलं पाहिजे. उंच झाली तर खांदा जातो, खाली गेली तर कंबर. मामांसारखं बसून करायचं तर समोर घण मारणारा माणूस लागतो. रस्त्याकडेला घिसाडी लोक पाल टाकतात तिथं बघितलं असेल, नवरा सांडशीत धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण घालते, काय ताल असतो! आमच्या घरात असं कुणी तयार होणार नाही, विचारायचं पण धाडस नाही, म्हणून उभ्यानं. बाभळीचा ओंडका दोन फूट जमिनीत गाडला, भोवती मुरूम घट्ट कुटला, वर ब्लॉक बसवून चार बाजूंनी अँगल मारले. हलत नाही.

जागा म्हणजे आमचा रिकामा गोठा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तेव्हापासून त्यात भाताचं पिंजर आणि मोडक्या सायकली. पिंजर पहिल्यांदा हलवलं, ठिणगी कुठवर उडेल सांगता येत नाही. मातीची जमीन तशीच ठेवली. सिमेंटवर लालभडक लोखंड पडलं की कोब्याचे टवके फटाक्यासारखे उडतात. वर मंगलोरी कौलं आणि दोन बाजू उघड्या, त्यामुळं धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही निघून जातात. बंद खोलीत कोळशाची भट्टी पेटवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका.

भट्टी फार साधी. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम (हे पण कास्ट आयर्नच, पण इथं चालतं, इथं घाव खायचा नाही), खालून दोन इंची काळा पाईप, त्याला टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या खालच्या तोंडाला राख पाडायला झाकण, बाजूनं हवा. जीआय पाईप लावू नका. त्याच्यावरचं जस्त तापलं की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. ड्रमच्या आतून खानापूरकडची कुंभाराची माती, वाळू आणि थोडी राख कालवून थापली, सावलीत सुकू दिली, आणि बारक्या आगीनं भाजली. खानापूरच्या मातीचं कौतुक मी काय सांगू, तिथं कौलं-मडकी उगाच होत नव्हती. ब्लोअरला गेट व्हॉल्व्ह बसवा, हा खर्च वाचवू नका. हवा जास्त झाली की कोळसा नुसता उडतो आणि लोखंडावर खवल्यांचे थर चढतात.

कोळशाबद्दल भांडणं होतात. फाउंड्रीचा हार्ड कोक फुकटात मिळतो म्हणून आणायचा मोह होतो, पण तो कुपोलासाठी (फाउंड्रीतली लोखंड वितळवायची उंच भट्टी) असतो, ढेकळं मोठी, पेटायला हट्टी, आणि हवा बंद केली की विझतो. सुपारीएवढे तुकडे करून घेतले तर उष्णता मात्र जबरदस्त. मी सुरुवात लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशानं करा म्हणेन. लवकर पेटतो, गंधक नाही, फक्त ठिणग्या उडवत बसतो आणि पोतं बघता बघता संपतं.

लोखंड कुठलं? शिकायला एमएसचा 10 किंवा 12 मिलिमीटरचा साधा चौरस बार. पहिल्यांदा आकडे करा, दावणीचे, कपडे अडकवायचे, कसलेही. टोक काढणं, वाकवणं, पिळणं सगळं त्यात येतं. धारेच्या वस्तूला गाडीचा कमान पाटा. तो नारंगी-पिवळा असतानाच ठोकायचा, लाली मावळली की थांबायचं, नाहीतर तडकतो. पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायच्या वेळी लोहचुंबक जवळ ठेवा. साधारण 770 डिग्रीला लोखंड चुंबकाला ओळख दाखवायचं बंद करतं, त्याच्यापुढं अजून थोडी लाली चढू द्यायची आणि कोमट गोड्या तेलात बुडवायचं. 'पाणी देणं' म्हणतात म्हणून पाटा पाण्यात घालू नका, चिरतो. नंतर उजळ घासून हळूहळू तापवायचा, सोनेरी रंग आला की 230 च्या आसपास, निळा आला की 300. विळीला सोनेरी, उसाच्या कोयत्याला निळ्याच्या जवळ, कारण त्याला मार खायचा असतो.

बाकी चष्मा घाला, सुती कपडे घाला, टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. एप्रनसाठी अथणीकडं चपलांचं कातडं मिळतं, जाड आणि बिनरंगाचं घ्या. हातमोजा हातोड्याच्या हातात मी घालत नाही, पकड जाते.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर दुपारी दोन ते चार ठोकायचं नाही असं ठरलंय. ब्लॉकला बाजूनं जुन्या स्पीकरचं मॅग्नेट चिकटवलं की टणटण बरीच बसते. तक्रार कुणाची नाही, उलट कुदळ शेवटायला (झिजलेलं टोक काढून घ्यायला) घेऊन येतात. त्यांना मी मामांकडं पाठवतो, त्यांचं पोट आहे त्याच्यावर.

आता लेग वाइस (लोखंड आवळून धरायचा शिकंजा) पाहिजे, ज्याचा पाय जमिनीपर्यंत जातो ती जुनी. साधी बेंच वाइस घाव खाऊन तडकते. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडं कुणाच्या जुन्या वर्कशॉपमध्ये पडून असेल तर कळवा, न्यायला गाडी घेऊन मीच येतो.